पाचव्या वेतानंतर

लिंबागणेशच्या आसपास, बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात, शेतातल्या आखाड्यावर राखणीसाठी कुत्रं मागायला येणारा माणूस एक अट हमखास घालतो: नर पाहिजे. मादी कितीही चलाख असो, तिला कुणी हात लावत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक असतं. मादी वर्षातून दोनदा माजावर येणार, गावभरचे कुत्रे आखाड्याभोवती जमणार, दोन महिन्यांनी पिल्लं होणार आणि ती कुठं घालवायची हा घोर पुन्हा मालकाच्या डोक्याला. म्हणून वेतातले नर वाटले जातात आणि माद्या पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवेवर, नाहीतर मांजरसुंब्याकडे हमरस्त्यावरच्या धाब्यांजवळ सोडल्या जातात. तिथं खरकटं मिळेल, जगतील, असं सोडणारा स्वतःला समजावतो. त्यातल्या पुष्कळशा गाडीखाली जातात. ज्या जगतात त्या वर्षाच्या आत स्वतःच व्यायला येतात.

याच बीड जिल्ह्यात, याच रस्त्यांच्या कडेला, दुसरा एक हिशेब चालतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पामेरियन, रॉटविलर यांची पिल्लं विकण्याचा जोडधंदा आता तालुक्याच्या गावांपासून वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला आहे. इथं मादीला मोल आहे. नर कुणाचाही आणता येतो, त्याच्या मालकाला पैसे किंवा वेतातलं एक पिल्लू दिलं की भागतं. मादी मात्र स्वतःची लागते, कारण सगळं उत्पन्न तिच्या पोटातून येतं. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन माद्या, प्रत्येकीला वर्षात दोन वेतं, प्रत्येक वेतात सहा-सात पिल्लं आणि पिल्लामागे काही हजार रुपये. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नाशेजारी हा आकडा ठेवला तर मोह का पडतो ते कुणीही समजू शकेल.

पहिल्या ठिकाणी मादी नकोशी आहे, दुसऱ्या ठिकाणी हवीहवीशी आहे. पण दोन्हीकडे तिचं मोल तिच्या गर्भाशयावरूनच ठरतं. तिचं म्हणून काही जगणं आहे, तिला दुखतं-खुपतं, ती थकते, म्हातारी होते, हे दोन्ही हिशेबांत कुठंच येत नाही. म्हणूनच मला वाटतं की कुत्र्यांचं प्रजनन नीतीनं चाललं आहे की नाही, हे पिल्लाकडे बघून कधीच कळणार नाही. गुबगुबीत पिल्लू कुठल्याही शेडमधून बाहेर पडू शकतं. आई स्वतःचं हाडमांस झिजवून ते घडवते. कसोटी लावायची तर आईला लावावी. ती आज कशी आहे, आणि पिल्लं देणं थांबल्यावर ती कुठं असणार आहे?

बीड जिल्ह्यात हा विषय काढला की समोरचा माणूस लगेच विचारतो, इथं बायामाणसांचे हाल कुत्रं खात नाही आणि तुम्ही कुत्रीच्या बाळंतपणाचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊन पुढं जाता येणार नाही. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मजुरी जाते, वर दंड बसतो आणि मुकादमाची उचल फिटत नाही, या चक्रात सापडलेल्या बाईला स्वतःचं शरीर कामाच्या आड येणारी वस्तू वाटू लागलं. त्याच्या आठ वर्षं आधी, २०११ च्या जनगणनेत, शून्य ते सहा वयोगटात या जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या होत्या.

बाईला आणि कुत्रीला मी एका तागडीत तोलत नाही. तसं करणं हा त्या बायांचा अपमान होईल. पण ज्या विचारानं हे घडवलं तो विचार ओळखायला या जिल्ह्याइतका अनुभव दुसरीकडे क्वचितच असेल. शरीर म्हणजे निव्वळ कमाईचं साधन, असं एकदा धरलं की कमाईच्या आड येईल ते कापायचं आणि कमाई देईल ते पिळायचं, एवढंच उरतं. ही सवय जनावराच्या गोठ्यात लागली तर घरात यायला तिला वेळ लागत नाही आणि घरात लागली तर गोठ्यात उतरायलाही नाही. दया म्हणजे काही पाटाचं पाणी नव्हे, की एका वाफ्यात सोडलं म्हणून दुसरा वाफा कोरडा पडेल. ज्या माणसाला गाभण कुत्रीच्या डोळ्यांतली भीती दिसते, त्याला बाळंतिणीच्या अंगातला अशक्तपणा जास्तच दिसतो, असं मी आजवर पाहत आलो आहे.

आता त्या आईकडे जवळून बघू. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. पहिले चार-पाच आठवडे बाहेरून फारसं कळत नाही, मग पोट झपाट्यानं वाढतं. पण तिच्या शरीरावर खरा ताण येतो तो व्याल्यानंतर. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा दूध सगळ्यांत जास्त लागतं आणि त्या दिवसांत आईला एरवीच्या दुप्पट ते चौपट खाणं द्यावं लागतं. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका हिवाळ्यात मी एक साधी गावठी कुत्री आठ पिल्लांना पाजताना रोज पाहत होतो. पिल्लांना सुईसारखे दात फुटलेले. ती आडवी होऊन पाजायला तयार नसे, उभीच राही आणि पिल्लं मागच्या पायांवर उभी राहून आचळांना लोंबकळत. आचळांच्या कडेनं नखांचे ओरखडे, दोन ठिकाणी खपल्या. कण्याचे मणके मोजता येत होते. घरधनीण मायाळू होती, पण तिला वाटायचं की कुत्रीला रोजच्या दोन भाकरी मिळतात म्हणजे पोट भरतंय. आठ जीव त्या दोन भाकरींवरच वाढत होते. बाकीचं सगळं त्या कुत्रीच्या अंगातून जात होतं. भाकरी चार केल्या, त्यात ताकाऐवजी दूध आणि आठवड्यातून दोनदा अंडी घातली, तेव्हा पंधरा दिवसांत तिची पाठ भरू लागली. तिच्या बाबतीत फक्त अज्ञान होतं, ते बोलून दूर झालं. धंद्याच्या शेडमध्ये हेच घडतं तेव्हा मालकाला सगळं माहीत असतं, खर्च वाचवायचा असतो म्हणून घडतं.

दुधाच्या याच दिवसांत, विशेषतः लहान चणीच्या कुत्र्यांत, आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घसरतं. ती धापा टाकते, पाय ताठरतात, अंग थरथरतं, ताप चढतो, झटके येतात. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं तर ती तासाभरात सावरते आणि उशीर झाला तर मरते. इथं एक गैरसमज आहे, तो सांगायलाच हवा. पुष्कळजण मादी गाभण राहिली की मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणून पाजायला लागतात. गाभणपणात वरून भरमसाट कॅल्शियम दिलं की हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यावर हाच आजार होण्याचा धोका वाढतो. प्रेमानं केलेली गोष्टही आईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ज्याला जोडी लावायची आहे, त्याला आधी थोडंफार शिकावं लागेल. नुसतं प्रेम पुरत नाही.

व्यायला अडलेल्या कुत्रीचंही तसंच. जोरात कळा देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि पिल्लू आलं नाही, किंवा दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त वेळ गेला आणि आत अजून पिल्लं आहेत, तर डॉक्टर लागतो. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला तर जार सुटू लागली आहे असं समजून लगेच निघावं लागतं. आता लिंबागणेशसारख्या गावातून मध्यरात्री निघायचं तर कुठं? गावाकडचे पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभे राहिले आणि तिथले डॉक्टर तेच काम जिवापाड करतात. कुत्रीचं पोट फाडून पिल्लं काढण्याची सोय रात्री दोन वाजता बीडमध्ये कुणाकडे असेल का, हे आधी विचारून ठेवलेलं असतं का? परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण अडलेली मादी तिथवर तग धरत नाही. माझ्या मते जोडी लावण्याआधीचा पहिला नैतिक प्रश्न हाच आहे. ती अडली तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरपर्यंत तिला वेळेत नेता येईल का आणि त्याचा खर्च हाताशी आहे का? उत्तर नाही असेल तर जोडी लावू नये. पुढच्या कुठल्याही युक्तिवादात शिरायची गरज नाही.

ब्रीडर मंडळींचा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण तो पूर्णपणे खोटा नाही. ते म्हणतात, माज रिकामा जाऊ देणं हेच मादीला वाईट. कुत्रीच्या शरीराची रचना अशी आहे की गर्भ राहो न राहो, माजानंतर सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलंच राहतं. प्रत्येक रिकाम्या माजागणिक गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. जगातले काही प्रजननतज्ज्ञही म्हणतात की तब्येतीनं ठणठणीत मादीची वेतं तरुण वयात लागोपाठ घ्यावीत आणि मग लवकर गर्भाशय काढून तिला मोकळं करावं. हे शास्त्र मला मान्य आहे. पण आपल्याकडे त्याचा पहिला अर्धा भाग तेवढा उचलला जातो. लागोपाठ वेतं घेतली जातात. लवकर मोकळं करणं राहून जातं. रिकामा माज धोक्याचा असेल तर त्यावरचा सरळ उपाय नसबंदी हा आहे. आणखी वेतं घेण्यासाठी हे कारण पुढं करणाऱ्यानं मादीची नसबंदी कितव्या वर्षी करणार ते आधी सांगावं. सांगितलं आणि केलं, तर त्याचा युक्तिवाद प्रामाणिक.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांचे नियम काढले. ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी जोडी नाही, वर्षाला एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कागदावर हे चांगलंच आहे. पण शेडच्या दारात येऊन वेतं मोजणारा माणूस नाही, आणि मूळ १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पिल्लू हजारांत विकणाऱ्याला पन्नास रुपयांची भीती दाखवून काही साधणार नाही.

कायद्यातले आकडे ही शेवटची मर्यादा आहे, आदर्श नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. अठरा महिन्यांचंच घ्या. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड यांत खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष फार. अमेरिकेत १९६६ पासून कुत्र्यांच्या हाडांची तपासणी करणारी जी संस्था आहे, ती खुब्याचा अंतिम दाखला मादी चोवीस महिन्यांची झाल्याशिवाय देत नाही. म्हणजे आपल्या कायद्यानं परवानगी दिलेल्या वयात तिचे खुबे कसे आहेत हे पक्कं कळलेलंच नसतं. ब्रिटनमध्ये कायद्यानं सहा वेतांची परवानगी होती, तरी तिथल्या केनेल क्लबनं २०१२ पासून चारच्या वर नोंदणी करणं थांबवलं. पाच ही संख्या काही आईच्या शरीरावर लिहून आलेली नाही. कुणाला दोन झेपतील, कुणाला एकही झेपणार नाही.

आणि पाचव्या वेतानंतर? तेव्हा ती सहा-सात वर्षांची असते. कुत्र्याच्या आयुष्यात हे काही मरायचं वय नव्हे. तिच्यापुढं अजून पाच-सहा वर्षं असतात. तेवढी वर्षं तिला बसवून खाऊ घालायचं, म्हातारपणचे आजार काढायचे, हा खर्च धंद्याच्या हिशेबात कुणी धरलेला नसतो. मग ती कुणालातरी फुकट दिली जाते, तो माणूस आणखी एक-दोन वेतं काढतो आणि शेवटी ती महामार्गाच्या कडेला दिसते. लोंबणारी आचळं, विरळ झालेले केस, गळ्यात अजून पट्टा. आयुष्यभर भिंतीआड राहिलेलं हे जनावर गावच्या कुत्र्यांत टिकत नाही. प्रजननाच्या नीतीचा सगळा प्रश्न माझ्या दृष्टीनं या एका ठिकाणी येऊन थांबतो. जिच्यावर कमावलं तिला मरेपर्यंत सांभाळण्याची तयारी नसेल तर पहिलं वेतही घेऊ नये.

इंग्लंडमध्ये एका अशाच आईमुळे कायदा बदलला. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची लूसी नावाची मादी २०१३ साली वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सोडवली गेली. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात कोंडून ठेवल्यानं तिचे खुबे आखडून गेले होते, कणा वाकला होता, अंगावरचे केस गेले होते. ती २०१६ साली गेली, पण तिला सांभाळणाऱ्यांनी आणि एका पशुवैद्यानं चालवलेल्या मोहिमेतून ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये तिच्याच नावानं ओळखला जाणारा कायदा लागू झाला. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराला किंवा दलालाला विकता येत नाही. घेणाऱ्यानं ते जन्मलं त्या जागी, त्याच्या आईसकट बघूनच घ्यायचं. मला या कायद्यातलं शहाणपण असं दिसतं की त्यानं अधिकाऱ्यांची फौज उभी करण्याऐवजी प्रत्येक ग्राहकालाच तपासनीस केलं. आई दाखवावी लागते म्हटल्यावर आईला दाखवण्याजोगं ठेवावं लागतं.

हे करायला आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. पिल्लू घ्यायला जाणाऱ्यानं आधी आईपाशी जायचं. ती अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दबते की मालकाच्या पायाशी येऊन बसते? तिची पाठ भरलेली आहे का? हे कितवं वेत, मागचं कधी झालं? याआधीची मादी आता कुठं आहे, तिला बघता येईल का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. 'आई गावाकडे ठेवलीय', 'आईला बाहेर काढलं तर चावते', 'मोबाईलवर फोटो आहे' ही उत्तरं ऐकू आली की तिथून उठावं, पिल्लू कितीही गोड असलं तरी. दया येऊन ते विकत घेतलं तर सुटका एका पिल्लाची होते आणि आईचं पुढचं वेत ठरतं.

महिन्याभराचं पिल्लू विकण्याची चाल तर आपल्याकडे इतकी रुळली आहे की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. लहान पिल्लू लवकर खपतं आणि खायला लागण्याच्या वयात गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं की त्याचा खर्च वाचतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांवर अभ्यास केला, त्यांचा ग्रंथ १९६५ साली आला. पिल्लाचा स्वभाव घडण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातला, हे त्यांनी दाखवून दिलं. चावा किती जोरात घ्यायचा, कुठं थांबायचं, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना आणि आईच्या गुरगुरण्यातून शिकतं. मोठेपणी चावणाऱ्या कुत्र्यांबद्दल आपण एवढी ओरड करतो, त्यातल्या कितींना चौथ्या आठवड्यात आईपासून तोडलं होतं, हेही कधी विचारायला हवं. आईचंही बघा. दूध भरात असताना सगळी पिल्लं दोन दिवसांत उचलली की आचळं दगडासारखी होतात, सुजतात, पिकतात. तिची हाक दोन-तीन रात्री शेडबाहेर ऐकू येते.

काही जातींच्या बाबतीत तर आईला नैसर्गिकपणे व्यायलाच येणार नाही, असं शरीर माणसानं घडवून ठेवलं आहे. बुलडॉगचं डोकं मोठं आणि आईचं कंबरडं अरुंद. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगची दहापैकी आठांहून जास्त वेतं पोट फाडून काढावी लागल्याचं दिसलं. चपट्या नाकाच्या पगचं वेगळं दुखणं आहे. कुत्रं अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतं आणि पगला ते धड करता येत नाही. २००३ सालच्या हच या मोबाईल कंपनीच्या पग दाखवणाऱ्या जाहिरातीनंतर देशभर पगची लाट आली, ती मराठवाड्यातही पोचली. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली गाभण पग ठेवणं ही क्रूरता आहे. ती जात इथं वाढवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग देशी जाती? इथं माझं मन जरा अडतं, कारण त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे. लातूर-उदगीरकडचा कारवान, त्याच्यातला लांब केसांचा पश्मी, पलीकडे बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः मालोजीराव घोरपड्यांनी, या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. २००५ साली मुधोळवर टपाल तिकीट निघालं, तिम्मापूरला कर्नाटक सरकारचं संशोधन केंद्र आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळण्याचं आवाहन केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आणि आखाड्यावर दमदार कुत्रं हवं, ही मागणी गावोगाव वाढली. या कुत्र्यांना आपलं ऊन, आपलं माळरान मानवतं, त्यांच्या माद्या सहसा विनासायास वितात. पण अभिमान आला की बाजार येतो. 'शुद्ध' रक्ताच्या हट्टापायी बापाला लेक आणि भावाला बहीण लावली जाते, चार-दोन घरांतल्याच कुत्र्यांत सगळा वंश फिरतो आणि मग मेलेली पिल्लं, आंधळी पिल्लं येऊ लागतात. देशी जात वाचवायची म्हणजे तिच्या माद्या वाचवायच्या. त्यांचं वय, त्यांची वेतं, त्यांची नाती यांची वही ठेवायची. मादीच्या हालांवर टिकवलेली जात परदेशी असो की आपली, माझ्या लेखी सारखीच.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ग्रंथाच्या सुरुवातीची कुत्री फारशी कुणी सांगत नाही. आदिपर्वात जनमेजय भावांसह यज्ञ करत असतो. तिथं आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला त्याचे भाऊ मारतात. पिल्लू रडत आईकडे, देवांच्या सरमेकडे, जातं आणि सांगतं की मी हविष्याला तोंड लावलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरमा थेट यज्ञमंडपात येते आणि राजाच्या घराण्याला विचारते, माझ्या निरपराध लेकराला का मारलं? त्यांच्याकडे उत्तर नसतं. मग ती त्यांना शाप देते की न दिसणारं संकट तुमच्यावर येईल, आणि राजा घाबरून शापाचं निवारण करणारा पुरोहित शोधायला लागतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात न्यायाची पहिली फिर्याद एका कुत्रीनं, आई म्हणून, राजापुढं मांडलेली आहे, आणि राजाला ती फेटाळता आलेली नाही. आपली परंपरा सांगणाऱ्यांनी ही गोष्ट का गाळावी, मला कळत नाही.

२०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावचं नाव जगभर गेलं होतं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या माथ्यावर नेत होती आणि ती खाली पडून मरत होती. वनविभागानं शेवटी दोन वानरं पकडून नेली. किती पिल्लं मेली यावर बातम्यांत वाद झाले, दोन टोळ्यांचं युद्ध म्हणून लोकांनी करमणूक करून घेतली. एका गावात वानरांच्या हाती लागावीत इतकी उघड्यावर पडलेली, बेवारस पिल्लं मुळात होती कशी, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. ती पिल्लं त्याच माद्यांची होती, ज्या आपण शिवेवर सोडून येतो.

काही प्राणीप्रेमी म्हणतात, रस्त्यावर एवढी कुत्री असताना एकही वेत मुद्दाम घेऊ नये. त्यांच्या भावनेला मी मान देतो आणि ज्याला घरात फक्त सोबत हवी आहे, त्यानं गावठी पिल्लूच न्यावं, तेही मादी, आणि तिची नसबंदी करावी, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण मेंढरांमागे चालणारं, बिबट्याच्या वासावर उठणारं कुत्रं माळावरच्या माणसाला लागणारच आहे, आणि ते कुठूनतरी जन्मणारच आहे. बंदी घातली तर ते अंधारात जन्मेल. त्यापेक्षा उजेडात, ओळखीच्या घरात, दोन-तीन वेतांपुरतं आणि सांभाळलेल्या आईच्या पोटी जन्मलेलं बरं. धनगरवाड्यांवर अशी काही घरं आजही आहेत, जिथं म्हातारी कुत्री कुडाच्या सावलीला पडून असते, तिला कुणी उठवत नाही आणि तिच्या नातवंडांनी कळप सांभाळलेला असतो. ब्रीडर म्हणवून घेण्याचा अधिकार मी त्या घरांना देईन.

गावाला करता येण्याजोगं काम त्यामानानं सोपं आहे. प्रजनन नियंत्रणाचे २०२३ चे नियम मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकतात, पण ती मोहीम शहरांपलीकडे क्वचित येते. लिंबागणेश आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांनी मिळून वर्षातून एक शिबिर मागितलं, जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग आणि परभणी किंवा उदगीरच्या महाविद्यालयाची मदत घेतली, आणि पाळलेल्या माद्यांपासून सुरुवात केली, तर 'नर पाहिजे' ही अट काही वर्षांत ढिली पडेल. नसबंदी झालेली मादी माजावर येत नाही, गावचे कुत्रे गोळा करत नाही आणि राखणीला नराइतकीच तिखट असते. फक्त शिबिराचा महिना नीट निवडायला हवा. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस धरावेत. टाके वाळेपर्यंत आठ-दहा दिवस कुत्रीला कोरड्या जागी बांधून ठेवायला, ती जखम चाटते का बघायला घरात माणूस लागतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की इथल्या निम्म्या वस्त्यांवर ते माणूस राहत नाही, ते उसाच्या फडात असतं.